पाळणा क्रमांक एक

"कारण: आवाज," पाळणा म्हणाला. "आजीचं गाणं. तिसरं कडवं."

सासूबाई गाता गाता थांबल्या. माझी लेक कोयनाही रडता रडता थांबली, बहुधा पुढं काय होतंय ते बघायला. मी दारात एका पायात चप्पल घालून उभी होते आणि ऑफिसला पोचायला बारा मिनिटं उरली होती.

"तिसऱ्या कडव्यात काय वाईट हाय?" सासूबाईंनी पाळण्याला विचारलं.

त्याला रडणं कळतं, प्रश्न कळत नाहीत.

"ईश्वरी, मग तू सांग. तुमच्याच कंपनीचं हाय न्हवं हे?"

"वाईट काही नाही, आई. फक्त तिसऱ्या कडव्यात तुमचा आवाज जरासा वर जातो."

"जरासा," असं म्हणत बाबा, म्हणजे माझे सासरे, चहाच्या कपात खोकले.

"तुम्ही बोलू नका. काल तुमचं काय आलं होतं? 'स्पर्श: आजोबांची मिशी.'"

बाबांनी मिशीवरून हात फिरवला. महिन्याभरात ती दोनदा कापली गेली होती आणि दोन्ही वेळा पाळण्याचं समाधान झालं नव्हतं.

सासूबाई एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होत्या. कराड डेपो, बहुतेक वेळ चिपळूणची गाडी. कुंभार्ली घाटात इंजिनाच्या वर आवाज चढवून मागच्या बाकावरच्या माणसाला पुढं सरकवायचं, हे त्यांचं रोजचं काम. नोकरी संपली, आवाज राहिला. शेजारच्या इमारतीतल्या लोकांनासुद्धा कोयनाची अंगाई पाठ झाली आहे. तिसऱ्या कडव्यासकट.

"आज ऑफिसात सांग," त्या म्हणाल्या, "हे सगळं पुसून ह्याला नव्यानं शिकवा म्हणून. एकदा डोक्यात भरलंय ह्याच्या माझ्याबद्दल."

"आई, ते पुसून चालत नाही."

"का चालत न्हाई? मशीनच हाय न्हवं?"

मी दुसरी चप्पल घातली आणि निघाले. कारण खरं उत्तर मोठं होतं.

*

आमच्या पाळण्याचं नाव 'अंगाई'. दिसायला साधा, लाकडी कठड्याचा. पण कठड्यात तांदळाएवढे बारा कान बसवलेले असतात आणि गादीखाली एक पातळ पडदा असतो, वजन आणि ऊब मोजणारा. तान्ह्या बाळाच्या रडण्यात शब्द नसतात, पण घडण असते. सूर कुठून उचलला, दोन हुंदक्यांच्या मध्ये श्वास किती लांबला, आवाज नाकात अडकला की घशात, पाय पोटाशी घेतले की ताणले, हे सगळं पाळणा टिपतो.

अडचण अशी की एका बाळाची भूक दुसऱ्या बाळाच्या पोटदुखीसारखी ऐकू येते. सगळ्यांना चालेल असा रडण्याचा शब्दकोश नाही. प्रत्येक पाळण्याला आपापल्या बाळापाशी शून्यापासून शिकावं लागतं. बाळ रडतं, घरचे काहीतरी करतात, कशानं थांबलं ते पाळणा लक्षात ठेवतो आणि आपल्या तक्त्यात लिहितो. त्या तक्त्याला अकरा रकाने: भूक, ओलं, पोट, झोप, दात, गरम, थंडी, आवाज, स्पर्श, उजेड, कंटाळा. हे रकाने मीच आखले होते, कोयना पोटात असताना. चार महिने असं शिकल्यावर पाळणा दहातल्या नऊ वेळा बरोबर सांगतो.

आणि हा तक्ता पाळण्याच्या पायातल्या नखाएवढ्या चिपमध्येच राहतो. बाळाचा आवाज घराबाहेर न्यायचा नाही, असा कायदाच झाला आहे. आईच्या फोनवर फक्त कारण येतं, रडणं येत नाही. चांगला कायदा आहे. पण त्यामुळे ती चिप पुसली गेली, तर बाळाबद्दल यंत्राला जे काही कळलं होतं ते सगळं गेलं. कंपनीकडेही प्रत नाही.

मी ऑफिसात परत जाऊ शकले ती ह्या पाळण्याच्या जिवावर. अथर्व, माझा नवरा, वनकुसवड्याच्या पवनचक्क्यांवर असतो आणि शनिवारीच घरी येतो. पहिल्याच दिवशी सव्वाअकराला फोन वाजला: 'कारण: भूक.' मी लगेच घरी फोन लावला.

"आई, तिला भूक लागलीय."

"आगं, आत्ता तर वाटीभर पेज खाल्ली तिनं. गॅस झालाय."

"पाळणा भूक म्हणतोय."

"बरं. पाळणा म्हणतोय म्हटल्यावर."

पाच आठवडे असे दिवसाला चार-पाच फोन. 'आई, झोप आलीय तिला.' 'आई, ती ओली आहे.' 'आई, पंखा कमी करा.' मला वाटायचं मी मदत करतेय. एकतीस वर्षं पाठमोरं उभं राहून, कोण उतरायचं राहिलं ते नुसत्या खाकरण्यावरून ओळखणाऱ्या बाईला मी फोनवरून तिची नात समजावून सांगत होते.

*

मंगळवारी ऑफिसात ठमीचा तक्ता पुसला गेला.

ठमी म्हणजे आमची चाचणीची बाहुली. कापडी, पोटात स्पीकर. वर्षभर ती एकाच पाळण्यात पडून ठरवून दिल्याप्रमाणे रडते, आणि पाळणा तिला घरच्या माणसासारखा ओळखतो. शुक्रवारी आमचं सातवं अपडेट सहा हजार दोनशे पाळण्यांत जायचं होतं, म्हणून ते आधी ठमीच्या पाळण्यात घातलं. पाळणा बंद झाला, चालू झाला, आणि गोड आवाजात म्हणाला, "नमस्कार! बाळाचं नाव काय?"

मुजावर सर, आमच्या टीमचे प्रमुख, डब्यातली भाकरी तोडत होते. त्यांचा हात तसाच राहिला.

"वर्षभरानं नाव विचारतोय?"

"सर, तक्ता रिकामा आहे."

"ठमीचं काय नाही गं. पण हे सहा हजार घरांत झालं तर?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मला सहा हजार आया दिसल्या, दारात एका पायात चप्पल घातलेल्या.

दोष शोधायला तास लागला. प्रोग्रॅमचे सगळे तुकडे जोडून पाळण्यात घालायच्या लायक करणारं एक अवजार असतं, त्याला आम्ही बिल्ड म्हणतो. जोडलेला प्रोग्रॅम पहिल्यांदा चालू झाला की सर्वांत आधी तक्त्याचा साचा उभा करतो. साचा म्हणजे फक्त आखणी, रकाने किती आणि कुठले. हे काम आपोआप व्हायचं, कारण बिल्डच्या फाइलमध्ये एक ओळ होती: 'पाडून उभारा'. म्हणजे जुना तक्ता असेल तर पाडा आणि नवीन आखा. प्रोग्रॅम लिहिताना ही ओळ फार सोयीची. दिवसातून दहा वेळा रकाने बदलतात, दहा वेळा कोरा तक्ता मिळतो. मसाल्याचा डबा रोज धुऊन, पुसून, रिकाम्या वाट्या परत लावून ठेवाव्यात तसं. वाट्या रिकाम्या असतात तोवर कुणाचं काही जात नाही. लोकांच्या घरच्या वाट्या भरलेल्या होत्या.

एरवी अपडेटमध्ये साच्याला हात लागत नसे. सातव्यात साचाच बदलला होता. नवीन पाळण्यात अकरा रकान्यांची सक्ती नव्हती, घरचे लोक आपापले रकाने सांगू शकणार होते. म्हणून ती ओळ जागी झाली.

"सोपं आहे," मुजावर सर म्हणाले आणि त्यांनी ओळ बदलली: 'उभारू नका'.

ठमीच्या जुन्या पाळण्यात तिचा तक्ता प्रतीवरून परत भरून बघितलं; बाहुलीची प्रत ठेवायला कायद्याची आडकाठी नव्हती. शाबूत राहिला. आम्ही खूश. मग मी गोदामातून एक कोरा पाळणा आणवला, अजून कुणाच्याही घरी न गेलेला, आणि ठमीला त्यात ठेवलं. ती रडली.

"कुठं लिहू?" पाळणा म्हणाला.

ती परत रडली.

"कुठं लिहू?"

"अरे, तक्ताच नाहीये त्याच्याकडे," मी म्हणाले. "आपण उभारू नका म्हटलंय, तर तो कधीच उभारणार नाही. कालपरवा जन्मलेल्या बाळांच्या घरी हा पाळणा जन्मभर असंच विचारत बसेल."

"कुठं लिहू?" पाळण्याने दुजोरा दिला.

मुजावर सरांनी त्याची वायर उपसली. "शुक्रवारी दुपारी एक वाजता अपडेट जाणार, हे वरून ठरलंय. त्या वेळी सगळी बाळं झोपलेली असतात."

"सर, तुमची मुलं कॉलेजात आहेत ना?"

"हो. का?"

"नाही, सहज."

*

संध्याकाळी मी घेवडा निवडायला बसले आणि शिरा काढलेल्या शेंगा टोपलीत अन् शिरा भांड्यात टाकायच्या सोडून उलटं करत राहिले. सासूबाईंनी भांडं माझ्यापुढून ओढून घेतलं.

"काय झालंय?"

मी सांगितलं. पाडून उभारा, उभारू नका, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. कोयना त्यांच्या मांडीवर बसून घेवड्याची शेंग चोखत होती.

"म्हंजे नवीन मशीन आत आलं की जुनं लिहिलेलं फाडतंय."

"हो."

"आणि आत येऊ नको म्हटलं तर जिथं काहीच लिहिलेलं न्हाई तिथंही येत न्हाई."

"अगदी."

"आगं, मग पाचवीचं काय करतो आपण?" त्या म्हणाल्या. "हिच्या पाचवीला पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं. सटवाई येती, लिहिती, जाती. ती दर शुक्रवारी येती का मागचा कागद फाडायला?"

"नाही."

"आणि ज्या घरात पाचवी व्हायचीय तिथं जाती का न्हाई?"

"जाते."

"मग तुझ्या मशीनला एवढी अक्कल दे. दारात थांबायचं, वाकून बघायचं. कागद कोरा असंल तर लिहायचं, न्हाईतर मागच्या पावली परत."

हा पर्याय पुस्तकात असतो. मला माहीत होता. पण तीन दिवसांत संपवायच्या घाईत 'हो' आणि 'नाही' यांच्या मधलं काही सुचलंच नव्हतं. मी तिथंच लॅपटॉप उघडला आणि ओळ लिहिली: 'नसेल तरच उभारा'.

"आई, तुम्ही आमच्याकडं नोकरी करायला हवी होती."

"नको बाई. तुमच्यात बसायला खुर्ची देतात म्हणं. मला बसून सुचत न्हाई." त्या उठल्या, कोयनाला पाळण्यात ठेवलं आणि पाळण्याकडे तिरकं बघत म्हणाल्या, "ह्याचा मात्र फाडला असता तर बरं झालं असतं."

मी हसले. लक्षात मात्र राहिलं.

*

शुक्रवारी एक वाजता अपडेट गेलं. मुजावर सरांच्या मोठ्या पडद्यावर सहा हजार दोनशे हिरवे ठिपके लागत गेले. एकाही घरातून नाव विचारल्याची तक्रार नाही. नवीन पाळणे नीट तक्ता आखत होते, जुने आपलं लिहिलेलं सांभाळून होते. कुणीतरी कंदी पेढे उघडले. मुजावर सर पेढा तोंडात धरून म्हणाले, "ईश्वरी, त्या ओळीचं नाव आपण पाचवी ठेवूया."

माझा फोन वाजला.

'नमस्कार! बाळाचं नाव काय?'

मी तो मेसेज दोनदा वाचला. मग वरचा कोपरा बघितला. पाळणा क्रमांक एक. माझा. कोयनाचा.

ऑफिस ते घर बारा मिनिटं लागतात. त्या दिवशी किती लागली ते मला माहीत नाही. स्कूटर चालवताना डोक्यात एकच आकडा होता: दोन हजार तीनशे. आठ महिन्यांत कोयना तितक्यांदा रडली होती आणि त्यातलं प्रत्येक रडणं त्या चिपमध्ये होतं. अकराव्या दिवशीची ती पहिली मोठी पोटदुखी, पहिला दात, लस टोचल्यावरची पूर्ण दुपार. माझ्या लेकीची भाषा येणारी जगात एकच वस्तू होती आणि ती आता तिचं नाव विचारत होती. सोमवारी मी कुणाच्या भरवशावर दार ओढून घेणार होते?

आणि सहा हजार दोनशे ठिपके हिरवे. मग हाच एक का?

मला उत्तर मिळालं. मला पाहिजे होतं तेच.

दार उघडंच होतं. सासूबाई पाळण्यासमोर स्टूल टाकून बसल्या होत्या, बाबा शेजारी उभे. पाळण्याचा दिवा निळा लुकलुकत होता, नवा कोरा असतो तसा.

"आई, तुम्ही पुसलंत ना?"

त्यांनी मान वळवली.

"त्या दिवशी म्हणालात, ह्याचा फाडला असता तर बरं. मागचं बटण दहा सेकंद दाबून धरलं की पुसतं. बाबांना मीच दाखवलं होतं. एक गाणं, आई! एका गाण्यासाठी तुम्ही तिचे आठ महिने पुसलेत?"

कोयना पाळण्यात बसून माझ्याकडे बघत होती. बाबांनी मिशीला हात लावला आणि काढून घेतला.

"मी हात लावला न्हाई," सासूबाई म्हणाल्या. घाटातला आवाज नव्हता. मी कधी न ऐकलेला, खालच्या पट्टीतला आवाज. "एक वाजून दोन मिनिटांनी ते आपलं आपण बंद पडलं, चालू झालं, आणि माझ्या नातीचं नाव मला विचारलं."

फोन पुन्हा वाजला. मुजावर सर.

"ईश्वरी, सापडलं. तुझ्या पाळण्यावर काय शिक्का आहे बघ."

मी खाली वाकले. पायाशी, धुळीखाली, माझ्याच अक्षरात पट्टी होती: 'टेस्टिंग'.

तेव्हा आठवलं. रजेवर असताना घरूनच काम करता यावं म्हणून पहिला पाळणा मी घरी आणला होता आणि त्याला चाचणीचा पाळणा म्हणून नोंदवलं होतं. चाचणीच्या पाळण्यांची बिल्डची फाइल वेगळी असते. मुख्य फाइलमध्ये काहीही लिहा, चाचणीच्या फाइलमध्ये त्याच गोष्टीबद्दल ओळ असेल तर तिचंच ऐकलं जातं. सरकारी नियमावर डेपो मॅनेजरची चिठ्ठी चालावी तसं. मी मुख्य फाइल सुधारली. चाचणीच्या फाइलमध्ये तीच जुनी ओळ बसून होती: पाडून उभारा. ठमीचा पाळणाही त्याच फाइलवर चालायचा, पण मंगळवारी आम्ही तिचा पाळणा मुख्य फाइलवर आणला होता, मुद्दाम, खरी चाचणी व्हावी म्हणून. माझ्या घरी चाचणीचा एक पाळणा आहे याची आठवण कुणाला झाली नाही. मलासुद्धा.

सहा हजार दोनशे घरं मी वाचवली होती आणि एक पाडलं होतं, स्वतःचं.

"आई," मी म्हणाले.

"बस आधी," त्या म्हणाल्या. "पाणी पी. अहो, पाणी द्या तिला. आणि आता बोलू नको, माझं काम अर्धं राहिलंय."

*

काम म्हणजे पाळणा त्यांना प्रश्न विचारत होता आणि त्या उत्तरं देत होत्या.

"तयार रकाने ठेवू, की तुम्ही सांगाल?" हा सातव्या अपडेटमधला नवा प्रश्न. सासूबाईंनी मी यायच्या आधीच 'मी सांगते' म्हटलं होतं. कठड्यावरच्या छोट्या पडद्यावर एकोणीस रकाने उभे होते.

मी वाचत गेले. भूक, खरी. भूक, खोटी. ओलं. दृष्ट.

"आई, दृष्ट?"

"असू दे. रकाना रिकामा राहिला तर राहील. तुमच्यात 'उजेड' होता, त्यात आठ महिन्यांत काय आलं?"

काही आलं नव्हतं.

उगाच. शेजारचा कुत्रा. आजोबा चष्म्याशिवाय. आजोबा चष्म्यासकट. मीठ कमी.

"मीठ आपण तिला देतच नाही."

"म्हणूनच रडती."

मग सोळावा रकाना. त्याच्यापुढं सासूबाईंनी वेळही सांगितली होती: सकाळी दहा वाजून दहा मिनिटं, सोमवार ते शुक्रवार.

'आई गेली.'

मी तिथं थांबले. दहा-दहाचं रडणं मला माहीत होतं. पाच आठवडे रोज स्कूटर कोल्हापूर नाक्याला पोचायच्या आत माझ्या फोनवर यायचं. 'कारण: झोप.' आणि मी फोन लावून सांगायचे, आई, झोप आलीय, आडवी करा.

"ही झोप नव्हती?"

"दहा वाजता कसली झोप? साडेआठला उठती ती."

"पण पाळणा..."

बोलता बोलताच मला कळलं. अकरा रकान्यांत त्या रडण्याला जागाच नव्हती. यंत्राला 'माहीत नाही' म्हणायची मुभा मी दिली नव्हती, त्यामुळे जे कुठंच बसत नाही ते जवळच्या रकान्यात कोंबायचं. डोळे चोळते, अंग टाकते, हुंदके लांब. झोप. आखणी करताना मी पोटावर हात ठेवून, सगळा विचार करून अकरा कारणं लिहिली होती आणि त्यात मी नव्हते.

"तुम्हाला कळत होतं?"

"पहिल्या दिवशीच कळलं. झोपवून झोपत न्हाई, गॅलरीत नेऊन रस्ता दाखवला की बघती, बघती, मग थांबती."

"मग सांगितलं का नाहीत?"

सासूबाईंनी कोयनाची टोपी नीट केली. ती नीटच होती.

"सांगितलं असतं तर तू स्कूटर काढली असतीस व्हय?" त्या म्हणाल्या. "अथर्वला सात महिन्यांचा ठेवून मी डबल बेल मारली होती. माझी सासू रोज म्हणायची, तू गेलीस की लगेच खेळायला लागतो. तो पंधरा वर्षांचा झाल्यावर मला खरं सांगितलं तिनं. आधी कुणी सांगितलं असतं ना, तर मी घाटातनं चालत परत आले असते."

बाबा पाण्याचा पेला धरून उभे होते. तो त्यांनी स्वतःच पिऊन टाकला.

*

शनिवारी सकाळी मुजावर सरांचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"ईश्वरी, चांगली बातमी. तू चाचणीच्या कागदावर सही केली होतीस ना, तुझ्या पाळण्याची प्रत घ्यायला हरकत नाही म्हणून? शुक्रवारी सकाळी ती आपोआप घेतली गेली होती, मला आत्ता सापडली. दोन हजार तीनशे नोंदी, जशाच्या तशा."

मी फोन घेऊन पाळण्यापाशी गेले.

"फक्त एक आहे," ते म्हणाले. "जुना साचा आणि नवा साचा जुळत नाहीत. प्रत बसवायची तर काल भरलेलं सगळं पाडावं लागेल. आणि प्रत तीन दिवसांच्या वर ठेवता येत नाही, कायदा आहे. सोमवारी सकाळी नष्ट करावी लागेल. बसवू का?"

दोन हजार तीनशे रडणी. समोर एकोणीस रकान्यांचा तक्ता, एका दिवसाच्या चौदा नोंदींचा, त्यातल्या तीन 'उगाच'. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे त्या ऐकत होत्या.

जुना तक्ता आला असता तर सोमवारपासून परत दहा-दहाला झोप. मला ते बरंही वाटलं असतं. मी शांतपणे काम केलं असतं आणि सासूबाईंनी गॅलरीतून रस्ता दाखवला असता, कुणाला काही न सांगता, पुढची पंधरा वर्षं.

"नको, सर."

"अगं, आठ महिने आहेत ते."

"माहितेय. नको. आणि ती टेस्टिंगची फाइल मी आत्ता बदलतेय. नसेल तरच उभारा."

"पाचवी," ते म्हणाले. "बरं. पण एक सांग, ते नवे रकाने कुणी आखले? आम्हाला इकडं दिसतायत फक्त नावं. 'भूक, खोटी' हे फार हुशार आहे. आम्ही दोन वर्षं त्याच्यासाठी धडपडतोय."

"आमच्याकडच्या एक तज्ज्ञ आहेत," मी म्हणाले.

स्वयंपाकघरात भांडी परत सुरू झाली, जरा जोरात.

सोमवारी दहा वाजता मी निघाले. कोल्हापूर नाक्याला फोन वाजला: 'कारण: आई गेली.' मी स्कूटर कडेला घेतली, शहाळीवाल्याच्या गाड्याशेजारी, आणि हातात फोन धरून उभी राहिले. शहाळीवाल्यानं विचारलं, पाणीवालं देऊ का मलईवालं? मी मान हलवली. कशाला ते मला आठवत नाही. त्यानं एक फोडून हातात दिलं. घरी फोन करायचा मोह झाला. केला नाही. चार मिनिटांनी आलं: 'थांबली.'

मंगळवारी साडेतीन मिनिटं लागली. गुरुवारी परत पाच, त्या दिवशी रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं म्हणे.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी घरी आले तर कोयना बाबांच्या पोटावर बसून त्यांचे केस ओढत होती, खिदळत होती. मी दारातून हाक मारली. तिनं माझ्याकडे बघितलं. हसू गेलं, खालचा ओठ बाहेर आला, हनुवटी थरथरली, आणि तिनं असा भोंगा पसरला की पाळण्याचा दिवा निळा झाला.

"हे रडणं नवीन आहे," पाळणा म्हणाला. "कारण काय लिहू?"

"मी काय केलं?" मी घाबरून विचारलं. "पडली का? चावलं का काही?"

"दिवसभर एक शब्द न्हाई हिचा," सासूबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "खाल्लं, झोपली, खेळली. आणि आता बघा." मग त्या पाळण्याकडे वळल्या आणि पार चिपळूणपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लिही! आई आली!"

"ह्याच्यावर उपाय?" पाळण्याने विचारलं.

सासूबाईंनी कोयनाला बाबांच्या पोटावरून उचललं आणि माझ्या हातात दिलं. ती माझ्या गळ्याला बिलगली आणि आणखी मोठ्यानं रडायला लागली. दिवसभराचं सगळं, एक एक करून, पहिल्यापासून.

"काही न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "चालू दे."